इंग्रजी वाक्यात कोणता शब्द कुठे? मराठीतून इंग्रजीकडे जाताना

"मी काल त्याला पत्र लिहिलं" हे वाक्य नवशिक्या माणसाने शब्दाखाली शब्द ठेवत इंग्रजीत नेलं, तर "आय यस्टर्डे हिम लेटर रोट" असं काहीतरी तयार होतं. यातला एकही शब्द अनोळखी नाही. तरीही ऐकणारा थबकतो, कारण इंग्रजीची सवय असलेला कान निम्मा अर्थ शब्दांवरून लावतो आणि निम्मा त्यांच्या जागेवरून. हा लेख त्या जागांबद्दल आहे. नुकतंच इंग्रजी लिहायला-बोलायला लागलेल्यांसाठी तो आहे, आणि बरीच वर्षं इंग्रजी वाचूनही स्वतःचं वाक्य जुळवताना अडणाऱ्यांसाठीही आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने म्हणा. शब्दांचा क्रम डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळतो.

आधी कारण समजून घ्या

"पोलिसाने चोराला पकडलं." आता हेच तीन शब्द हलवून बघा. "चोराला पोलिसाने पकडलं." "पकडलं पोलिसाने चोराला." तीन शब्दांच्या सहा मांडण्या होतात आणि सहाही मांडण्यांत चोरच पकडला जातो. कारण "ने" आणि "ला" हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले आहेत. शब्द कुठेही गेला तरी आपली ओळख सोबत घेऊन जातो.

इंग्रजीत "द पोलीसमन कॉट द थीफ" म्हटलं तर पोलिसाने चोराला पकडलं. शब्द उलटे केले, "द थीफ कॉट द पोलीसमन", तर चोराने पोलिसाला पकडलं. नामांना काहीच चिकटलेलं नाही. क्रियापदाच्या आधी कोण आहे आणि नंतर कोण आहे, एवढ्यावरच सगळं ठरतं. मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत जागा करते. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, म्हणून इथे थोडं थांबा आणि हे नीट पटवून घ्या.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाचं किंवा त्याच्या आधीच्या दर्शक शब्दाचं रूप विभक्तीप्रमाणे बदलायचं आणि शब्द बरेच मोकळे फिरायचे. पुढे शब्दांची शेवटची अक्षरं उच्चारात पुसट होत गेली आणि १५०० सालापर्यंत नामांचे बहुतेक प्रत्यय गळून पडले. मग कर्ता आणि कर्म ओळखायला जागेशिवाय दुसरं साधन उरलं नाही. जुन्या व्यवस्थेच्या खुणा सर्वनामांत अजून दिसतात: ही आणि हिम, शी आणि हर, दे आणि देम. पण आज तिथेही जागेची सक्ती आहे. "हिम सॉ शी" म्हटलं तर अर्थाचा अंदाज येईल, पण ते वाक्य कुणी चालवून घेणार नाही.

पायरी १: कर्ता शोधा, नसेल तर आणा

मराठीत कर्ता गाळणं अगदी सहज आहे. "येतो उद्या." "जेवलास का?" क्रियापदाच्या रूपावरून कोण ते कळतं. इंग्रजी क्रियापदाची रूपं इतकी थोडी उरली आहेत की त्यावरून कर्ता कळत नाही. म्हणून विधानाच्या सुरुवातीला कर्त्याची जागा भरलेलीच हवी: "आय विल कम टुमॉरो."

ही सक्ती इतकी कडक आहे की करणारा कुणीच नसेल तरीही ती जागा रिकामी राहत नाही. "पाऊस पडतोय" हे "इट इज रेनिंग" होतं. "उशीर झाला" हे "इट इज लेट". या "इट"ला अर्थ नाही, तो फक्त जागा धरून बसतो. "खोलीत दोन खुर्च्या आहेत" हे "देअर आर टू चेअर्स इन द रूम" होतं, आणि त्यातला "देअर" म्हणजे "तिथे" नव्हे. तोही जागा धरणाराच आहे. "इन द रूम टू चेअर्स आर" हे मराठी वळणाचं वाक्य इथूनच जन्मतं. काहीतरी आहे किंवा नाही असं पहिल्यांदा सांगायचं असेल, तर हात आपोआप "देअर"कडे गेला पाहिजे.

दुसरी अडचण "मला"ची. मला भूक लागली, मला आठवतं, मला सापडलं, मला दोन भाऊ आहेत. मराठीत इथे माणूस "ला" लावून येतो, इंग्रजीत तो सरळ कर्त्याच्या जागी जाऊन बसतो: "आय ॲम हंग्री", "आय रिमेंबर", "आय फाउंड इट", "आय हॅव टू ब्रदर्स". "मला" दिसलं की "टू मी" लिहायचा मोह होतो. तो आवरा आणि आधी विचारा, ही गोष्ट कुणाच्या बाबतीत घडते आहे? बहुतेक वेळा तोच इंग्रजीतला कर्ता असतो.

पायरी २: क्रियापद शेवटून उचलून कर्त्याजवळ आणा

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. जगात अशा भाषा कमी नाहीत. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम पाळणाऱ्या भाषांची संख्या जगात सर्वांत जास्त आहे, आणि कर्ता, क्रियापद, कर्म हा इंग्रजीचा क्रम दुसऱ्या स्थानावर येतो. त्यामुळे मराठी क्रम उलटा आणि इंग्रजी क्रम सरळ, असं मनात धरू नका. दोन्ही आपापल्या जागी सरळ आहेत.

पण याचा परिणाम बोलताना जाणवतो. मराठीत आपण वाक्य सुरू करून काळ, जागा, माणसं सांगत सांगत जातो आणि क्रिया काय ते शेवटी ठरवतो. इंग्रजीत दुसऱ्याच शब्दाला क्रियापद लागतं. तोंड उघडण्याआधी क्रिया ठरलेली हवी. इंग्रजी बोलताना अनेकजण "आय..." म्हणून अडकतात. त्यांच्याकडे शब्द कमी आहेत असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा क्रियापद अजून मराठी वाक्याच्या टोकाशी उभं असतं. यावर उपाय सरावाचा आहे. दिवसभर मनात येणाऱ्या वाक्यांची फक्त दोन शब्दांची सुरुवात करा: "शी ओपन्ड", "वी वेट", "दे फरगॉट". पूर्ण वाक्य नको. आठवडाभर एवढंच केलं तरी जीभ क्रियापदाकडे आधी वळायला लागते.

क्रियापद वर आणलं की त्याला कर्म लगेच चिकटवा. मधे काही घालू नका. "शी स्पीक्स वेल इंग्लिश" चूक, "शी स्पीक्स इंग्लिश वेल" बरोबर. "आय लाइक व्हेरी मच म्युझिक" चूक, "आय लाइक म्युझिक व्हेरी मच" बरोबर. "खूप", "चांगलं", "रोज" हे शब्द मराठीत क्रियापदाच्या जवळ असतात, म्हणून ते इथेही मधे घुसतात.

पायरी ३: उरलेलं वाक्य शेवटाकडून वाचत या

या लेखातली सर्वांत उपयोगी युक्ती मला ही वाटते. वाक्य घ्या: "ती रोज सकाळी खोलीतल्या टेबलावर पुस्तक ठेवते." कर्ता "ती" तसाच ठेवा. आता शेवटाकडून मागे या: ठेवते, पुस्तक, टेबलावर, खोलीतल्या, रोज सकाळी. आणि इंग्रजी वाक्य बघा: "शी पुट्स द बुक ऑन द टेबल इन द रूम एव्हरी मॉर्निंग." क्रम तंतोतंत तोच.

हा योगायोग नाही. मराठीत मुख्य शब्द शेवटी आणि त्याच्याशी निगडित गोष्टी आधी येतात, तर इंग्रजीत मुख्य शब्द आधी आणि बाकीचं नंतर. त्यामुळे दोन्ही वाक्यं आरशात पाहिल्यासारखी दिसतात. शब्दाच्या आतसुद्धा हेच घडतं. आपण "टेबलावर" म्हणतो, म्हणजे आधी टेबल, मग वर. इंग्रजी "ऑन द टेबल" म्हणतं, म्हणजे आधी वर, मग टेबल. "मित्राबरोबर" हे "विथ अ फ्रेंड", "बसने" हे "बाय बस", "खोलीचं दार" हे "द डोअर ऑफ द रूम". शब्दयोगी अव्यय किंवा प्रत्यय नामाच्या पाठीमागून सुटून पुढे जातो.

एकापुढे एक क्रिया आल्या तरी आरसा काम देतो. "तो पोहायला शिकण्याचा प्रयत्न करतोय." शेवटाकडून या: प्रयत्न करतोय, शिकण्याचा, पोहायला. "ही इज ट्राइंग टू लर्न टू स्विम." असं लांबलचक वाक्य समोर आलं की घाबरायचं कारण नाही, मागून धागा धरायचा.

हा आरसा दोन ठिकाणी चालत नाही. विशेषणं मराठीतही नामाच्या आधी येतात आणि इंग्रजीतही, त्यामुळे "जुनं पुस्तक" हे "ओल्ड बुक"च राहतं. माणसाची मालकी सांगतानाही क्रम हलत नाही: "माझ्या मित्राच्या भावाची सायकल" ही "माय फ्रेंड्ज ब्रदर्स बायसिकल". निर्जीव वस्तूसाठी "ऑफ", माणसासाठी हा शेवटचा स, एवढा ढोबळ भेद सुरुवातीला पुरतो.

या युक्तीतूनच जागा आधी आणि वेळ नंतर हा नियम मिळतो. मराठीत "काल स्टेशनवर भेटलो", म्हणून इंग्रजीत "वी मेट ॲट द स्टेशन यस्टर्डे". वेळेवर भर द्यायचा असेल तर ती वाक्याच्या अगदी सुरुवातीला, कर्त्याच्याही आधी न्या: "यस्टर्डे वी मेट ॲट द स्टेशन." कर्ता आणि क्रियापदाच्या मधे मात्र "यस्टर्डे" कधीच नको. लहान जागा आणि मोठी जागा, लहान वेळ आणि मोठी वेळ यांचंही असंच उलटतं. "सोमवारी दहा वाजता" हे "ॲट टेन ऑन मंडे".

पायरी ४: दोन कर्मं असतील तर

देणं, दाखवणं, सांगणं, पाठवणं या क्रियांत एक वस्तू असते आणि एक घेणारा. दोनच मांडण्या चालतात. "शी गेव्ह मी अ पेन" किंवा "शी गेव्ह अ पेन टू मी". घेणारा आधी आला तर "टू" नाही, नंतर आला तर "टू" हवा. "शी गेव्ह टू मी अ पेन" ही तिसरी मांडणी "मला"च्या सवयीने होते. वस्तूसाठी नुसतं "इट" असेल तर दुसरीच मांडणी घ्या: "गिव्ह इट टू मी."

एक्सप्लेन आणि सजेस्ट ही क्रियापदं पहिली मांडणी घेत नाहीत. "एक्सप्लेन मी धिस" असं सर्रास ऐकू येतं, पण "एक्सप्लेन धिस टू मी" असं हवं.

पायरी ५: ऑलवेज, नेव्हर, ऑलरेडी यांची जागा

हे शब्द लहान आहेत, पण त्यांची जागा पक्की आहे. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: "शी ऑलवेज कम्स लेट." इज, आर, वॉज असेल तर त्याच्या नंतर: "शी इज ऑलवेज लेट." साहाय्यक क्रियापदं असतील तर पहिल्याच्या नंतर: "शी हॅज ऑलवेज बीन लेट." "नॉट"चंही तसंच. मराठीत "नाही" शेवटी येतं, इंग्रजीत पहिल्या साहाय्यक क्रियापदाला लागून: "आय विल नॉट कम." साहाय्यक क्रियापद नसेल तर "डू" बोलवावा लागतो: "आय डू नॉट नो."

"सगळे आले नाहीत" या वाक्यात काहीजण आले असतात. त्यासाठी "नॉट ऑल ऑफ देम केम" म्हणा. "ऑल डिड नॉट कम" म्हटलं तर कुणीच आलं नाही असाही अर्थ निघू शकतो. नकार कोणत्या शब्दाचा आहे, त्याच्या आधी "नॉट" ठेवा.

आता "च"बद्दल, कारण हा मराठीतला फार सुंदर प्रत्यय आहे आणि इंग्रजीत त्याची फार आठवण येते. "मीच तिला काल भेटलो", "मी तिलाच काल भेटलो", "मी तिला कालच भेटलो". एक अक्षर हलवलं की अर्थ बदलतो. इंग्रजीत "ओन्ली" त्या शब्दाच्या आधी ठेवावा लागतो: "ओन्ली आय मेट हर यस्टर्डे", "आय मेट ओन्ली हर यस्टर्डे", "आय मेट हर ओन्ली यस्टर्डे". बोलताना पुष्कळजण "ओन्ली" क्रियापदाआधी ठेवून आवाजाच्या जोराने काम भागवतात. लिहिताना तो जोर कागदावर दिसत नाही, म्हणून लिहिताना शब्दाजवळच ठेवा.

"यस्टर्डे ओन्ली", "देअर ओन्ली" अशी रचना आपल्याकडून होते, कारण "च" शब्दाच्या मागे लागतो. त्यातही गंमत अशी की प्रत्येक "च" म्हणजे "फक्त" नसतो. "मी तिथेच राहतो" यात फक्त तिथे असं म्हणायचं नसतं, नेमकं तिथे असं म्हणायचं असतं. तिथे "आय लिव्ह राइट देअर" म्हणा. "तूच सांगितलंस मला" यासाठी इंग्रजीत वेगळी चौकटच आहे: "इट वॉज यू हू टोल्ड मी." ही चौकट पाठ करून ठेवण्यासारखी आहे. "च"ने केलेली बरीच कामं ती करून देते.

पायरी ६: विशेषणांची रांग

एकाच नामाला अनेक विशेषणं लागली तर त्यांची रांग ठरलेली असते: आधी आपलं मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ, आणि शेवटी उपयोग. "अ ब्यूटिफुल ओल्ड वुडन टेबल." ही यादी पाठ करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. नामाच्या स्वभावात जे जास्त रुजलेलं, ते नामाच्या जास्त जवळ, एवढं लक्षात ठेवा. टेबल लाकडाचं आहे हे बदलणार नाही, सुंदर आहे हे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. म्हणून "वुडन" जवळ आणि "ब्यूटिफुल" लांब.

"इनफ" मात्र जागा बदलतो. नामाच्या आधी: "इनफ टाइम". विशेषणाच्या नंतर: "गुड इनफ". आणि समथिंग, नथिंग यांच्या नंतर विशेषण येतं: "समथिंग न्यू".

पायरी ७: प्रश्न

मराठीत प्रश्न विचारायला वाक्य मोडावं लागत नाही. विधानाच्या शेवटी "का" लावला की झालं. "काय", "कुठे", "कोणाला" हे शब्दही आपापल्या जागीच उभे राहतात: "तू पुस्तक वाचतोयस", "तू काय वाचतोयस?" इंग्रजीत दोन हालचाली होतात. प्रश्नशब्द अगदी पुढे जातो, आणि साहाय्यक क्रियापद कर्त्याला ओलांडून पलीकडे जातं. "यू आर रीडिंग" याचं "व्हॉट आर यू रीडिंग?" होतं. आपल्यातले बरेचजण पहिली हालचाल करतात आणि दुसरी विसरतात: "व्हॉट यू आर रीडिंग?", "व्हाय यू डिड नॉट कम?" बरोबर वाक्य "व्हाय डिडन्ट यू कम?"

साहाय्यक क्रियापद नसेल तर पलीकडे जायला कुणीतरी हवं, म्हणून पुन्हा "डू" येतो. "डू यू नो हिम?" जुन्या इंग्रजीत मुख्य क्रियापदच उडी मारायचं, "सॉ यू हिम?" अशा धाटणीने. सोळाव्या शतकात प्रश्नांत "डू"चा वापर वाढत गेला आणि पुढे तोच नियम झाला. "डू"ने काळ आपल्या अंगावर घेतला की मुख्य क्रियापद मूळ रूपात येतं: "डिड यू सी हिम?", "डिड यू सॉ हिम?" नव्हे.

आता एक बारीक पण महत्त्वाची जागा. "तुला कोणी बोलावलं?" आणि "तू कोणाला बोलावलंस?" मराठीत "णी" आणि "णाला" यांवरून फरक कळतो. इंग्रजीत दोन्हीकडे "हू" आहे. फरक जागेवरून: "हू कॉल्ड यू?" आणि "हू डिड यू कॉल?" पहिल्यात "हू" स्वतःच कर्ता आहे आणि तो आधीच पुढे आहे, म्हणून काही हलत नाही आणि "डू" लागत नाही. दुसऱ्यात "यू" कर्ता आहे, "हू" कर्म, म्हणून "डिड" आला. हा एक जोड दहा वेळा म्हणा.

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उलथापालथ थांबते. "व्हेअर इज ही?" पण "आय डोन्ट नो व्हेअर ही इज." "कॅन यू टेल मी व्हॉट टाइम इट इज?" यात प्रश्न "कॅन यू"ने विचारून झाला आहे, पोटातलं वाक्य साधं विधानासारखं राहतं. प्रश्नाचा क्रम नुकताच शिकलेली माणसं इथे हमखास चुकतात, कारण नवा नियम सगळीकडे लावावासा वाटतो.

पायरी ८: जोडवाक्यं, आणि जो-तोचा फेरा

मराठीत दोन वाक्यं जोडताना शब्दांची जोडी येते. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी. दोन्ही बाजूंना एकेक खुंटी, आणि वाक्य त्यांच्यावर ताणलेलं. इंग्रजीला एकच खुंटी पुरते. दुसरी ठोकली की वाक्य बिघडतं.

"ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम." हा "जरी-तरी". यातला "बट" काढा, किंवा "ऑल्दो" काढा. "व्हेन आय केम, दॅट टाइम ही वॉज स्लीपिंग." हा "जेव्हा-तेव्हा". "दॅट टाइम" काढा. "द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल." हा "जो-तो". "ही" काढा: "द मॅन हू केम यस्टर्डे इज माय अंकल." फक्त "इफ"नंतरचा "देन" चालतो, आणि तोही बहुतेकदा नको असतो. मराठी माणसाच्या इंग्रजीत ही जास्तीची खुंटी मला वारंवार दिसते. लिहून झालं की "ऑल्दो" आणि "व्हेन" शोधा आणि पुढे जोडीदार बसलाय का बघा.

मराठीत दुसरी सोय आहे, धातूपासून विशेषण करून नामाच्या आधी ठेवायची: "काल आलेला माणूस", "तू सांगितलेली गोष्ट". इंग्रजीत हे वर्णन नामाच्या नंतर जातं, आणि इथेही आरसा चालतो: "तू सांगितलेली गोष्ट मी विसरलो" हे "आय फरगॉट द थिंग यू टोल्ड मी". वर्णन नामाला टेकूनच हवं. मधे दुसरं नाम आलं तर वर्णन त्याला चिकटतं. "आय गेव्ह द बुक टू माय ब्रदर दॅट आय बॉट" वाचून वाटेल भाऊच विकत घेतला. "आय गेव्ह द बुक दॅट आय बॉट टू माय ब्रदर" यातही "बॉट टू माय ब्रदर" असा गोंधळ राहतो. अशा वेळी दोन कर्मांची पहिली मांडणी कामाला येते: "आय गेव्ह माय ब्रदर द बुक दॅट आय बॉट." मांडणी निवडायची म्हणजे काय, ते या एका वाक्यात दिसतं.

पायरी ९: मराठीतला जोर इंग्रजीत कसा न्यायचा

"हे पत्र वडिलांनी लिहिलंय." मराठीत आपण ज्याबद्दल बोलायचं ते पुढे आणलं, पत्र. इंग्रजीत पत्राला पुढे आणलं तर ते कर्ता होऊन बसतं, "धिस लेटर माय फादर रोट" हे साध्या बोलण्यात जमत नाही. म्हणून कर्मणी प्रयोग: "धिस लेटर वॉज रिटन बाय माय फादर." कर्मणी प्रयोग टाळावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो नवशिक्यांसाठी घाईचा वाटतो. मराठीत शब्द पुढे-मागे करून आपण जे साधतो, ते इंग्रजीत साधायचा हा एक सरळ मार्ग आहे. मात्र करणारा महत्त्वाचा असेल तर त्याला कर्त्याच्या जागी ठेवावं.

फ्रेझल व्हर्बबद्दल, म्हणजे "टर्न ऑफ"सारख्या क्रियापद आणि छोटा शब्द मिळून बनलेल्या जोडीबद्दल, थोडंच. "टर्न ऑफ द लाइट" आणि "टर्न द लाइट ऑफ" दोन्ही चालतं. सर्वनाम आलं की ते मधेच जातं: "टर्न इट ऑफ."

एक वाक्य शेवटपर्यंत जुळवून पाहू

"काल रात्री ज्या मुलीने दार उघडलं तिने मला आतल्या खोलीतलं जुनं लाकडी कपाट दाखवलं."

मुख्य क्रिया कोणती? दाखवलं. कुणी? त्या मुलीने. म्हणजे गाभा "द गर्ल शोड". कुणाला आणि काय? "द गर्ल शोड मी द कबर्ड." कपाट कसलं? जुनं आणि लाकडी, लाकडी नामाच्या जवळ: "द ओल्ड वुडन कबर्ड". कुठलं? "इन द इनर रूम", हे नामाच्या नंतर. आता मुलगी कोणती? जिने दार उघडलं ती, वर्णन मुलीला टेकून: "द गर्ल हू ओपन्ड द डोअर". "तिने"साठी पुन्हा "शी" नको, ती दुसरी खुंटी आहे. राहिलं "काल रात्री". ते दार उघडण्याची वेळ सांगतं, म्हणून "ओपन्ड द डोअर"च्या लगेच नंतर.

"द गर्ल हू ओपन्ड द डोअर लास्ट नाइट शोड मी द ओल्ड वुडन कबर्ड इन द इनर रूम."

"लास्ट नाइट" अगदी शेवटी नेऊन पुन्हा म्हणा. आता दार कधी उघडलं ते कळत नाही, कपाट मात्र काल रात्री दाखवलं असं होतं. यानंतर स्वतःच्या दिवसातली पाच मराठी वाक्यं कागदावर लिहा, प्रत्येकातल्या क्रियापदाखाली रेघ मारा, आणि तिथून मागे यायला सुरुवात करा.